एका बटणासाठी येवला

नाशिकला जाऊन आले म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. त्र्यंबकला गेला होतात का, आणि द्राक्षं आणलीत का. मी यातलं काहीच केलं नाही. मी चार दिवस फोनमधल्या एका बटणाच्या मागे होते. हे सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे जरा काळजीनंच बघतो, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

माझं काम असं आहे की एखादी कंपनी अॅप काढते, तेव्हा ते वापरणाऱ्या माणसाला त्यात कुठं अडतं ते मी शोधून द्यायचं. मूळची मी कोल्हापूरची, पोटापाण्यासाठी पुण्यात. आमच्या छोट्याशा कंपनीनं येवल्याच्या पैठणी विणकरांसाठी अॅप काढलं होतं. गिऱ्हाइकानं थेट विणकराला साडी सांगायची. विणकरानं फोनवर कळवत राहायचं: माग लावला, विणायला घेतली, आणि शेवटी एक हिरवं बटण, ‘संपली’. ते दाबलं की आमचा माणूस साडी न्यायला निघतो. ठरलेल्या तारखेला संध्याकाळी सहापर्यंत ते दाबलं नाही, तर ऑर्डर आपोआप रद्द आणि विणकराच्या नावापुढे ‘उशीर’. असे दोन उशीर झाले की नाव यादीतून बाहेर.

आणि उशीर तर पटापट लागत होते. पंचवीस विणकर घेऊन सुरुवात केली होती, त्यातल्या निम्म्यांना एकेक लागून गेला होता. अॅप बांधणारा आमचा अनिकेत, पोरगा हुशार आहे, पण त्याला आकड्याशिवाय घास गिळवत नाही. त्यानं सगळ्यांना फोनवर प्रश्नावली पाठवली. ‘हिरवं बटण समजतं का?’ पंचवीसच्या पंचवीस जणांनी ‘हो’ लिहिलं.

“मेघाताई, बटण कळतंय त्यांना,” तो म्हणाला. “म्हणजे लोकच आळशी आहेत.”

माझं डोकंच फिरलं. दोन-दोन महिने खड्ड्यात पाय सोडून मागावर बसणारी माणसं, आणि आळशी? “अरे बाबा,” मी म्हटलं, “आपल्याकडे पाहुण्याला ‘जेवलात का’ विचारलं तर तो उपाशीपोटीसुद्धा हो म्हणतो. तुझी प्रश्नावली त्यातलीच. मला जाऊन बघू दे.” दोन दिवस भांडले तेव्हा कुठं चार दिवस मिळाले.

यादी काढली. सुनंदा नावाच्या एक विणकर होत्या, त्यांच्या नावापुढे एक उशीर आधीच होता. दुसरी साडी मागावर, तीही लग्नाची, आणि मुदत त्याच गुरुवारी संध्याकाळी सहाची. ही चुकली की त्यांचं नाव जाणार. मी त्यांच्याच घरी जायचं ठरवलं.

सोमवार, इंदिरानगर

नाशिकात मावसबहीण आहे, नीता, इंदिरानगरला. डिसेंबरची थंडी म्हणजे काय ते तिच्या गच्चीवर कळलं. आमच्या कोल्हापुरातही थंडी पडते, पण ती जरा ओळख ठेवून वागते. इथली अंगावर धावूनच येते. सकाळी नीता गंगापूर रोडला मिसळ खायला घेऊन गेली. मळ्यात बाजा टाकलेल्या, मिसळीबरोबर पापड, दही आणि वर जिलेबी! मिसळीबरोबर जिलेबी बघून माझ्यातली कोल्हापूरकरीण खवळली. “हे काय, वाढदिवस आहे का कुणाचा?” मी विचारलं. नीता म्हणाली, “खा गुपचूप.” खाल्ली. रस्सा आमच्याइतका जाळ नव्हता, पण काळ्या मसाल्याची चव मागाहून येत राहते आणि दुसरी वाटी मागावीशी वाटते. मी तिसरीही मागितली, हे कोल्हापुरात कुणाला सांगू नका.

नीताच्या नवऱ्याला माझं काम ऐकून फार गंमत वाटली. “म्हणजे तुम्ही जाऊन नुसतं बघणार? आणि त्याचा पगार?” मी म्हटलं, “नुसतं बघायचं आणि तोंड बंद ठेवायचं. पगार बघण्याचा नाही, तोंड बंद ठेवण्याचा आहे.” नीता इतकी हसली की तिला ठसका लागला. मला लहानपणापासून ओळखते ना ती.

मंगळवार, येवला

एसटीतून बाहेर बघावं तर निफाडपर्यंत द्राक्षाचे मळे, आणि पुढे सगळा कांदा. रांगेनं बसून बायका रोपं लावत होत्या, डोक्याला रुमाल, अंगात नवऱ्याचे शर्ट. येवल्यात उतरले आणि गल्लीत शिरले, तर दोन्हीकडून खटक, खटक, खटक. घराघरांतून मागांचा आवाज. कुठलं घर ते विचारायला गेले, तर एका आजोबांनी चहा पाजल्याशिवाय पत्ताच सांगितला नाही. आमच्या पुण्यात आधी पत्ता मिळतो आणि चहा मिळतच नाही.

सुनंदावहिनी चाळिशीच्या. बारीक, सावळ्या, कपाळावर मोठं कुंकू. त्यांचे यजमान भाऊसाहेब दुसऱ्या मागावर. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत संसार. वहिनींच्या मागावर राणी रंगाची साडी, हिरवे काठ, काठात पोपट. मी बघतच राहिले. हातात चहाचा पेला तसाच होता, आणि जरा जवळून बघावं म्हणून वाकले. भाऊसाहेब जागेवरून असे उडाले की मला वाटलं विंचू निघाला. त्यांनी माझ्या हातातला पेला अलगद काढून घेतला आणि उंबऱ्याबाहेर ठेवला.

“काय नाय ताई,” ते म्हणाले, “फक्त चहा तिकडं, आन् तुम्ही इकडं.”

मी शरमेनं लाल झाले. इतकी वर्षं हे काम करते, आणि पहिल्या पाच मिनिटांत कुणाच्या तरी लेकीची लग्नाची साडी चहात बुडवणार होते.

त्या दिवशी मी अनिकेतची प्रश्नावलीच तोंडी विचारली. कागदावर खोटं बोलणारा माणूस समोरासमोर खरं बोलेल अशी आशा होती. फोन अडतो का? “नाय.” अक्षरं दिसतात का? “चांगली दिसत्यात.” हिरवं बटण कळतं का? “कळतं ना.” मग गेल्या साडीला उशीर का झाला? वहिनी म्हणाल्या, “त्या पार्टीचा इचार बदलला आसंन.” आणि मागाची फणी ओढून त्यांनी पुन्हा विणायला सुरुवात केली. पार्टीचा विचार बदलला? आमच्या कागदावर तर उशीर होता. मी वहीत लिहिलं, ‘उत्तर टाळतात.’ आता ते वाचलं की माझीच मला लाज वाटते.

बुधवार, येवला

मुक्काम बाजारातल्या लॉजवर होता. सकाळी ठरवलं, आज प्रश्नांची यादी बाजूला. आज निवांत मुलाखत, एकटीशी एकटीनं, मनमोकळी. पुस्तकात अशीच लिहिलेली असते.

पुस्तक लिहिणारा कधी येवल्याच्या गल्लीत आलेला नाही. मी सतरंजीवर बसून पहिला प्रश्न विचारायच्या आत शेजारच्या दोन बायका आल्या. मग त्यांच्या जावा. मग एक काका, ते म्हणे सहज आले. वहिनींना विचारावं तर उत्तर काका देणार, काकांना थांबवावं तर जाऊबाई बोलणार. “आमच्या सुनंदाला काय इचारता, ती गरीब गाय हाय, मला इचारा.” तासाभरात मला त्या गल्लीतल्या सगळ्या लग्नांची माहिती मिळाली, बटणाची सोडून. बटणाचा विषय काढला की सगळे एका सुरात, “लय भारी हाय अॅप. चांगलं काढलंय तुम्ही.” मला हसावं की रडावं कळेना.

दुपारी वहिनींनी जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, शेवभाजी आणि कच्चा कांदा, बुक्कीनं फोडलेला. शेवभाजीचा तवंग बघून वाटलं, ही आपल्या कुळातली. घाम पुसत पुसत जेवले. वहिनी शेजारी बसून वाढत होत्या. मी कामाचं काही विचारत नव्हते म्हणूनच बहुतेक त्या आपणहून बोलल्या.

“ताई, खरं सांगू का? व्यापाऱ्याकडं साडी दिली ना, का ती कुणी नेसली ते कळतच नाय. तुमच्या फोनवर त्या मुलीचं नाव आलं. प्राजक्ता. मी रोज मागावर बसले का म्हणते, चला, प्राजक्ताची साडी.” मग भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, “ह्या बारीला पार्टीनं इचार बदलला नाय पाहिजे बाई. आमचं नाव ऱ्हायलं पाहिजे फोनात.”

नाव राहणं वहिनींच्याच हातात होतं, एक बटण दाबलं की काम झालं. पण मी ते सांगायचं नव्हतं. सांगितलं की त्या दाबतील, मी पुण्याला जाईन, आणि बाकीच्या चोवीस घरांत काय अडतंय ते कधीच कळणार नाही. म्हणून मी पाणी प्यायले आणि गप्प बसले. संध्याकाळी अनिकेतचा फोन आला. “काही डेटा मिळाला?” मी म्हटलं, “शेवभाजी मिळाली,” आणि फोन ठेवला.

गुरुवार, येवला

प्रश्नावली झाली, मुलाखत झाली. आता एकच पद्धत उरली होती, आणि माझ्यासारखीला तीच सगळ्यात अवघड. कोपऱ्यात बसायचं, बघायचं, एक अक्षर बोलायचं नाही. काहीही झालं तरी मदत करायची नाही. वहिनींना म्हटलं, “आज मी काही विचारत नाही. तुम्ही मी नाहीच असं धरा.” त्या म्हणाल्या, “बरं,” आणि माझ्यापुढे पोहे ठेवले.

वीतभर साडी राहिली होती. मी सहा तास नुसती बसले. इतकं शांत मी शाळेतसुद्धा कधी बसले नव्हते. रेशमाच्या बारीक कांड्या त्यांच्या बोटांतून जात-येत होत्या, पायाखाली पावड्या खालीवर, आणि मध्येच त्या वाकून एखादा धागा नखानं सरळ करायच्या. भाऊसाहेबांनी रेडिओ लावला होता, तो शेवटच्या चार बोटांना आपणहून बंद केला. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

साडेतीनला वहिनी थांबल्या. उठल्या, हातपाय धुऊन आल्या. मागाच्या खांबाला हळद-कुंकू लावलं. भाऊसाहेबांनी साडी मोकळी केली, दोघांनी मिळून ती सतरंजीवर उलगडली. राणी रंग त्या अंधाऱ्या खोलीत असा उजळला की माझ्या तोंडून “अगं बाई!” निघून गेलंच. वहिनींनी माझ्या तळहातावर साखर ठेवली. मग साडीची घडी घातली, पांढऱ्या धुवट कापडात बांधली आणि कपाटात ठेवली.

आता फोन घेतील, मी मनात म्हटलं.

त्यांनी फोन घेतला. अॅप उघडलं. मी मान लांब करून बघितलं. हिरवं बटण समोर होतं. त्यांनी ते वाचलं, नक्की वाचलं, ओठ हललेले मी बघितले. आणि फोन पालथा ठेवून त्या चहा टाकायला गेल्या.

चार वाजले. सव्वाचार. वहिनी तांदूळ निवडायला बसल्या. मदत करायची नाही, मदत करायची नाही. साडेचारला वाटलं, गेली तेल लावत ती पद्धत! मी उठून त्यांच्यासमोर जाऊन बसले.

“वहिनी, ते बटण तुम्हाला कळलं नाही का?”

“कळलं ना.”

“मग दाबलं का नाही? सहाला ऑर्डर रद्द होईल! नाव जाईल तुमचं!”

त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. बटण दाबलं नाही की नाव जातं हे त्यांना माहीतच नव्हतं. आम्ही ते नियमांच्या लांबलचक पानावर लिहिलं होतं, आणि तसली पानं मीसुद्धा वाचत नाही. त्यांचा चेहरा उतरला, पण फोनकडे हात काही गेला नाही.

“ताई, कळलं म्हणूनच नाय दाबलं,” त्या हळू म्हणाल्या. “संपली कसं म्हणायचं? लग्नाची साडी हाय. उद्या ती नेसून अक्षता घेनार पोर. हातातली बांगडी पिचली तर आपन वाढली म्हणतो, घरातले तांदूळ सरले तरी वाढले म्हणतो. आन् प्राजक्ताच्या साडीवर मी आपल्या हातानं संपली दाबू? माझ्यानं नाय होनार.”

कळतं का, असं आम्ही तीनदा विचारलं होतं, तीन तऱ्हांनी. तिन्ही वेळा त्यांनी खरंच उत्तर दिलं होतं.

“मग तुम्ही काय म्हणता?” मी विचारलं. “साडी झाली की?”

“उतरली. मागावरून उतरली.”

मी अनिकेतला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ताई, शब्द बदलायला पाच मिनिटं लागतात. पण एका बाईला वाटतं म्हणून? निदान अजून काही जणांना तरी विचारायला हवं.” राग आला, पण पोराचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पावणेपाच झाले होते. मी दारात जाऊन हाक मारली. “अहो काका! जाऊबाई! जरा या!” या गल्लीत माणसं गोळा करायला वेळ लागत नाही, हे कालच कळलं होतं. सात-आठ जण आले. फोन स्पीकरवर टाकला आणि विचारलं, “पैठणी विणून झाली की तुमच्याकडे काय म्हणतात?”

“उतरली,” सगळे एकदम म्हणाले.

“संपली म्हणतात का?”

“अहो, काय अभद्र बोलता!” काका ओरडले. जाऊबाईंनी तर तोंडावर हातच ठेवला.

पलीकडून अनिकेत नुसतं “बदलतो” म्हणाला.

बदलायला पाच मिनिटं नाही, चांगली चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत गल्लीतलं कुणीही घरी गेलं नाही. वहिनी दर दोन मिनिटांनी अॅप बंद करायच्या, उघडायच्या. साडेपाच होऊन गेले तेव्हा बटणावर ‘उतरली’ आलं. वहिनींनी फोन भाऊसाहेबांना दाखवला, त्यांनी मान हलवली. वहिनींनी पदराला हात पुसला, अंगठा ठेवला, आणि स्क्रीनवर मुलीचं नाव येऊन खाली लिहून आलं, साडी न्यायला माणूस निघाला. काकांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं मी काही मनावर घेतलं नाही.

लोक पांगले. मी वही पिशवीत टाकत होते, तेवढ्यात वहिनींनी पुन्हा कपाट उघडलं. प्राजक्ताच्या साडीच्या खाली तसंच पांढऱ्या कापडातलं आणखी एक गाठोडं होतं. त्यांनी ते काढून सोडलं. मोरपंखी रंग, जरीचा पदर.

“ही मागच्या बारीची,” त्या म्हणाल्या. “तारखेच्या चार दिस आधी उतरली व्हती. व्यापारी कसा तारखेला आपोआप येतो, तसं तुमचा मानूस येईन म्हणून वाट बघत बसलो. तर मेसेज आला, रद्द.” आणि मग अगदी उत्साहानं म्हणाल्या, “आता बटण नीट झालं ना? हिचं बी दाबते.”

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्या साडीच्या पानावर दाबायला काहीच नव्हतं. रद्द झालेल्या ऑर्डरचं बटण आम्ही काढून टाकतो. ते लग्नही आता होऊन गेलं असणार, दुसरी कुठली तरी साडी नेसून. मी तसं सांगितलं. ‘उशीर’ पुसायला लावेन, ही साडी दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायला लावेन, असंही सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मोरपंखी पदरावरून हात फिरवत होत्या.

मग मला राहवलं नाही. अॅपमधली सगळी मराठी माझीच आहे. आधी मी ‘विणून पूर्ण झाली’ असं लिहिलं होतं. ते बटणात मावेना, म्हणून छाटून ‘संपली’ केलं होतं. पाच सेकंदही लागले नव्हते त्याला.

“वहिनी,” मी म्हटलं, “तो शब्द मीच लिहिला होता.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“तुम्ही?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, ज्याला मराठी येत नाय आशा कुणीतरी लिव्हला आसंन. म्हणून तर मी राग नाय धरला.”